दोन स्टुलांचं कलम

लातूर, १८ सप्टेंबर २०१८

अक्का,

शरणू शरणार्थी, नमस्कार. तुम्ही रुसला आहात हे मला ठाऊक आहे. रुसलेल्या माणसाला पत्र लिहू नये असा काही कायदा नाही, आणि असता तरी मी तो मोडला असता.

फोन केला की तुमचा मल्लिनाथ म्हणतो, "आई जरा पडलीय." सकाळी केला तरी पडलीय, दुपारी केला तरी पडलीय. ज्या बाईनं उभ्या नोकरीत कधी ड्युटीवर पाठ टेकली नाही, ती आता एवढी पडून राहते होय? मी काय दूधखुळी आहे? म्हणून पत्र लिहिते. पोस्टमनला तर कुणी "आई पडलीय" म्हणून परत पाठवणार नाही.

आधी कामाचं सांगते, मग भांडते. दवाखान्यातल्या नोकरीसाठी जी मुलं शिकतात, नर्सिंगची, लॅबची, वॉर्डातल्या मदतनीसांची, त्या प्रत्येकाला शिकताना एक जुनं जाणतं माणूस सोबतीला द्यायचं, असा कायदा होऊ घातलाय. मागच्या साली ज्याचा मसुदा घेऊन मी नांदेडला तुमच्याकडे आले होते, तोच. त्याची समिती नोव्हेंबरच्या शेवटी लातूरला येणार आहे, आमच्यासारख्यांचं म्हणणं ऐकायला. आमच्या नर्सिंग स्कूलकडून मला बोलावलंय, आणि सोबत एक अनुभवी सिस्टर आणा असं सांगितलंय. मसुद्यात एक मोठं भगदाड आहे, अक्का. "प्रत्येक प्रशिक्षणार्थीस एक मार्गदर्शक नेमावा," एवढंच लिहून मोकळे झालेत. त्या मार्गदर्शक बाईला शिकवायला वॉर्डातून सुट्टी कोण देणार, ते कुठंच नाही. म्हणजे भरल्या वॉर्डात एकटी सिस्टर, आणि तिच्या पदराला बांधलेल्या पोरी. हे तुमच्याइतकं कुणी भोगलं नाही. त्या दिवशी तुम्ही यायचं आणि बोलायचं. माझं एवढंच मागणं आहे.

आता भांडण. मसुदा वाचून दाखवला तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मला पाठ आहे. "माया लावायचा कायदा करता व्हय गं? उद्या आईलाबी ड्युटी लावा, आठ ते दोन." आणि भिंतीकडे तोंड करून बसलात. माझा चहा तसाच निवला. त्या दिवसापासून तुमचा एक शब्द माझ्या कानावर नाही. बरं, मी तुमच्या मायेचं कलम कुठं मागते? मी मागते तो वेळ.

हल्ली दुपारी जेवून डोळा लागला की एकच स्वप्न पडतं. भूकंपातला आपला पत्र्याचा दवाखाना विष्णुपुरीच्या धरणात मधोमध उभा असतो. खाटांखालून गोदावरीचं पाणी हळूहळू जात असतं, पण पेशंट कुणी भिजत नाही. सगळे शांत निजलेले. तुम्ही एका स्टुलावर बसलेल्या आणि दुसरं स्टूल पाण्यावर तरंगत तुमच्यापासून लांब चाललेलं. मी त्याच्यामागं चालते. पाणी गुडघ्याएवढंच असतं, कोमट, पण स्टूल काही हाती लागत नाही. जागी होते तेव्हा दाल मिलचा खमंग वास खिडकीतून आलेला असतो, आणि मला क्षणभर कळतच नाही की मी कोणत्या साली आहे.

उत्तर लिहा. एक ओळ लिहिली तरी चालेल.

तुमची मंजुश्री

लातूर, ३० सप्टेंबर

अक्का,

उत्तर नाही. ठीक आहे. आजच्या दिवशी मी तुमच्यावर चिडू शकत नाही.

सकाळी किल्लारीला जाऊन आले. भूकंपाला पंचवीस वर्षं झाली म्हणून गर्दी होती, भाषणं होती. मी मागच्या मागं जुन्या गावाच्या बाजूला गेले. आता तिथं बाभळी माजल्यात आणि बाभळीत खूप चिमण्या आहेत. जिथं आमचं घर होतं तिथं मी उगीच चप्पल काढली. आईबापाची आठवण काढायला गेले आणि आठवला तुमचा आवाज. यात काही पाप आहे का हो?

तेव्हा आमच्या गल्लीतली उरलेली माणसं दवाखान्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये होती आणि मी शेडबाहेर मातीच्या ढिगावर बसून असायची. मला लागलेलं काही नव्हतं, म्हणून माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. येणारे जाणारे म्हणायचे, धक्का बसलाय पोरीला. तुम्ही आलात, कमरेला पदर खोचलेला, आणि म्हणालात, "बसून का राहिलीस? उचल ती बादली." बस्स. माझ्या आयुष्यात दुसरा कुणी देव आला नाही. बादली उचलली ती उचललीच.

आणि ती दोन स्टुलं! पडलेल्या शाळेच्या मलब्यातून तुम्हीच ओढून आणली होती. एकाचा पाय आखूड, त्याच्याखाली चप्पट दगड. डॉक्टर ओरडायचे, सिस्टर, इथं उभं राहायला जागा नाही आणि तुम्ही स्टुलं कसली मांडता? तुम्ही ऐकलं नाही. रोज दुपारी, औषधं वाटून झाली की एखाद्या खाटेजवळ दोन्ही स्टुलं मांडायची आणि मला म्हणायचं, "बस. उभ्यानं नुसतं काम होतं, शिकणं न्हाई." मग नाडी कशी धरायची, माणूस गप्प झाला तर त्याच्या पायाकडं का बघायचं, आणि नातेवाइकाला वाईट बातमी सांगताना आपण आधी बसायचं का असतं, हे सगळं मी त्या आखूड पायाच्या स्टुलावर शिकले. शाळेतली वर्षं नंतर आली. ती मी पास होण्यासाठी शिकले.

माझी पहिली सुई आठवते? पत्र्यानं तुमची पोटरी कापली होती. धनुर्वाताचं इंजेक्शन घेणं भाग होतं. चांगला कंपाउंडर समोर असताना तुम्ही त्याला थांबवलंत, बाही वर केलीत आणि सिरिंज माझ्या हातात दिलीत. माझा हात असा थरथरत होता की सुई दोनदा बाजूला गेली. तुम्ही माझ्या मनगटाखाली तुमचं बोट धरलंत, नुसतं टेकवलंत. टोचून झाल्यावर मी विचारलं, "लागली का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई गं. मुंगी चावल्यागत पण न्हाई." त्या एका वाक्यावर मी पंचवीस वर्षं हे काम करतेय.

पुढं तर तुम्ही ती रीतच पाडली. तुम्हाला जी काही सुई घ्यायची असेल, काविळीची लस, धनुर्वाताची, ती वर्षभर राखून ठेवायची आणि वॉर्डात नवी पोरगी आली की दंड तिच्यापुढं करायचा. बाकीच्या सिस्टर हसायच्या, "रत्नम्मानं दंड उधार ठेवलाय." तुमच्या हाताखालच्या एकाही पोरीची पहिली सुई पेशंटला टोचली गेली नाही. हे मला समितीसमोर सांगायचंय, आणि मी सांगितलं तर ती गोष्ट होईल. तुम्ही सांगितलं तर ते खरं होईल.

मंजुश्री

लातूर, २२ ऑक्टोबर

अक्का,

दसरा झाला. सोनं पाठवलं होतं पाकिटात, वाळून गेलं असेल. तुमचं पाकीट काही आलं नाही. जाऊ द्या, मी निर्लज्ज आहे. आज मला तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही.

यंदाच्या बॅचला एक पोरगी आलीय, मालविका. नांदेडचीच, बाप विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. दोन वर्षं इथल्या क्लासमध्ये डॉक्टरकीसाठी घासली. तुम्ही रिटायर होऊन नांदेडला गेल्यापासून आमची ही गल्ली इतकी बदललीय की ओळखू येणार नाही, अक्का. किराणा दुकानाच्या वर क्लास, क्लासच्या वर हॉस्टेल, आणि सकाळी रस्त्यानं नुसत्या पाठीवरच्या बॅगा चालताना दिसतात. या पोरीला हॉलमध्ये खांबामागची जागा मिळाली होती. सर तिला टीव्हीवर दिसायचे. सर आहेत त्याच हॉलमध्ये, आणि ही त्यांना टीव्हीवर बघायची! दोन वर्षांत सरांनी तिला एकदाही बघितलं नाही. परीक्षेत घसरली, बापानं नाराजीनं नर्सिंगला घातली.

विचारलं तर सगळं येतं. औषधाचं नाव, मात्रा, कुठल्या कोनात सुई घालायची, धडाधडा म्हणते. पण रबरी हातावर शंभर वेळा केलेलं माणसाजवळ गेलं की होत नाही. हात हवेत थांबतो. काल वॉर्डात असंच झालं आणि पेशंटची बहीण ओरडली, "काय येत न्हाई तर कशाला पाठवतेत ओ असल्यांना?" पोरगी लाल झाली. मला म्हणाली, "मॅडम, येत नाही असं नाही. होत नाही."

तिला मार्गदर्शक आहे बरं का! कागदावर आहे. वॉर्डातली सिस्टर चांगली आहे, पण ती एकटी आणि पेशंट व्हरांड्यापर्यंत. मालविका तिच्याजवळ गेली तर ती चालता चालताच म्हणाली, "आण ती वही इकडं, सही करते." मला तुमचं नोकरीचं शेवटचं साल आठवलं. साहेबांनी हुकूम काढून तुमच्या नावावर पोरींची यादी लावली होती, वॉर्ड मात्र कमी केला नव्हता. पोरी यायच्या, सही घ्यायच्या, जायच्या. तुम्ही माझ्या घरी येऊन म्हणाला होतात, "मंजे, माझी सही द्यायची मशीन करून टाकली गं त्यांनी." तुम्ही मसुद्यावर का चिडलात ते मला कळत नाही असं समजू नका. त्याच्यासाठीच तर तुम्ही यायला पाहिजे. जिला पोळलंय तिनंच सांगायचं असतं, की चूल कुठं मांडू नये.

मी मालविकाला घेऊन बसले. स्टोअरमधून दोन स्टुलं काढली, जाळी झाडली. माझी फ्लूची लस घ्यायची राहिलीय, म्हटलं, घे, तुझी पहिली सुई माझ्या दंडात. ती मागं सरली. म्हणाली, "तुम्ही मला मार्क देणार, मॅडम. तुम्हाला कशी टोचू?" मी हसले, पण तिचं खरंच होतं. अक्का, तुमच्याकडे मार्क नव्हते. म्हणून तुमच्यापुढं आमचा हात चुकू शकला. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, या पोरीनं सुचवलं. मसुद्यात ते पण लिहावं म्हणते. सोबतीण वेगळी, परीक्षा घेणारी वेगळी.

ती म्हणते दिवाळीला घरी गेले की परत येणार नाही. मला ते सहन होईना.

काल पुन्हा ते स्वप्न पडलं. या खेपेला स्टूल थांबलं होतं. पण तुम्ही उठून गेलेल्या होतात, आणि त्याच्या आखूड पायाखालचा चप्पट दगड पाण्यात स्वच्छ दिसत होता.

मंजुश्री

लातूर, ३ नोव्हेंबर

अक्का,

हे पत्र पोस्टानं नाही. मालविका दिवाळीला घरी चाललीय, तिच्याच हाती देते. सोबत बाजरीचं पीठ आणि तिळाची चटणी आहे. नांदेडात पण मिळतं असं म्हणू नका.

तिला तुमच्याबद्दल फार सांगितलेलं नाही. एवढंच की विष्णुपुरीला माझी अक्का राहते, डबा नेऊन दे. ती परत येईल की नाही मला माहीत नाही. आत्ता पीठ बांधून देताना म्हटलं, सुट्टी संपली की ये गं. तिनं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

आणि आता स्पष्ट लिहिते, कारण आडून आडून लिहून मी बेजार झाले. समितीच्या माणसाचा काल फोन आला. अनुभवी सिस्टरचं नाव कळवा म्हणाले. मी "रत्नम्मा" सांगितलं. न विचारता सांगितलं. तुम्ही नाही आलात तर तुमची खुर्ची रिकामी ठेवीन आणि एकटी बोलेन, माझी जीभ अडखळेल, आणि ते चहा पिऊन पुढच्या गावाला जातील. भगदाड तसंच राहील. एवढं झालं तरी मी सोसेन. पण तुम्ही माझ्याशी आयुष्यात पुन्हा बोलणारच नाही, हे मला सोसणार नाही. मला आई दोनदा गमवायची नाही, अक्का. बास, लिहिलं.

मंजुश्री

विष्णुपुरी, नांदेड
१० नोव्हेंबर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी

मंजे,

आशीर्वाद. हे अक्षर मालविकाचं हाय, बोल माझे हायेत. तिला म्हटलं, मी बोलते तसंच लिही, तुझं शुद्धलेखन घालू नको.

मी रुसले न्हवते. म्हणजे रुसले होते, पण ते चार दिवस. तुझी सगळी पत्रं उशीखाली हायेत. दोन-तीनदा लिहायला बसले. पण हात कापायला लागलाय, मंजे. रिटायर व्हायच्या आधीपासून जरा जरा होतं, आता चमचा तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मं सांडतं. दोन ओळी लिहिल्या तर कोंबडीनं पाय दिल्यागत दिसलं. म्हटलं, हे कागद मंजीनं बघितले तर ती लातूरहून पळत येईल आणि माझा हात धरून रडत बसंल. ज्या हातानं तिला शिकवलं तो हात तिनं असा बघू नये वाटलं. फोनवर आवाजबी तसाच निघतो, म्हणून पोराला सांगितलं, पडलीय म्हण. तो बिचारा माझ्यापायी खोटं बोलून राहिला. त्याच्यावर रागावू नको.

कायद्यावर राग होता, तो खरा होता. मला वाटलं, आपलं जे होतं ते हे लोक कागदावर चढवणार, त्याला शिक्का मारणार, आणि मग ते आपलं राहणार न्हाई. पण आता ऐक, काय झालं.

ही पोरगी काल डबा घेऊन आली. सूनबाई भाऊबीजेला माहेरी गेली होती, ती संध्याकाळी यायची. मला साखरेपायी आता रोज सुई लागते, जेवायच्या आधी. सूनबाईच टोचते. मल्लिनाथला सुई बघितली की घेरी येते, तुला ठाऊकच हाय. ताट वाढून ठेवलेलं, आणि मी सुई हातात धरून बसलेली. माझ्या हातानं जमंना. पोरगी दारात उभी राहून बघून राहिली. मी म्हटलं, "काय शिकतेस गं?" म्हणाली, नर्सिंग, पण सोडणार हाय. मी म्हटलं, "सोड की. पण आधी ही टोच, मला भूक लागलीय."

तिचा हात हवेत थांबला. तू लिहिलं होतंस तसाच. मी माझा हात पुढं केला, तोबी कापत होता. ती बघतच राहिली माझ्या हाताकडं. मग मी तिला म्हटलं, "तुझाबी कापतो, माझाबी कापतो. दोघीत मिळून एक हात धरू." स्वयंपाकघरातली दोन स्टुलं ओढायला लावली. बसलो. तिच्या मनगटाखाली बोट टेकवलं. माझं बोट थरथरत होतं, तर मंजे, तिचा हात थांबला! मला वाटतं माझं थरथरणं सावरायच्या नादात ती आपलं विसरली. टोचली. मग आम्ही दोघी जेवलो, तुझ्या चटणीसंगं.

जेवताना तिनं मला विचारलं, "आजी, तुम्ही मॅडमना अशाच बसून शिकवायच्या का?" मी हाव म्हटलं. ती म्हणाली, "मग वॉर्डात स्टुलं का नसतात?" काल रातीपासून तेच डोक्यात हाय. मला सरकारनं पगार दिला, कपडा दिला, शेवटी शालबी दिली. पण शिकवायला बसायची जागा मी मलब्यातून ओढून आणली होती. ती जागा मलब्यातून आणावी लागू नये, एवढ्यासाठी कायदा असंल तर असू दे. माया आमची आम्ही लावू.

तर तुझ्या समितीला माझं कलम असं लिहून दे. शिकवणारीला आणि शिकणारीला बसायला दोन स्टुलं द्यायची, आणि त्या बसल्याव कुणी त्यांना उठवायचं न्हाई. साहेब हसले तर हसू दे. पोरगी म्हणते, हे कायद्याच्या भाषेत कसं बसवायचं ते मी लिहून काढते. लई हुशार हाय. ती सोमवारच्या बसनं लातूरला परत येणार हाय, तिनंच मला सांगितलं. मी विचारलंबी न्हाई.

मी येते. मल्लिनाथ गाडीनं आणून सोडंल. समितीपुढं माझा हात कापंल, आवाज कापंल. कापू दे. तू नुसती शेजारी बस, आणि माझ्या मनगटाखाली बोट टेकव.

एक सांगायचं राहिलं. टोचून झाल्याव या पोरीनं विचारलं, "आजी, लागली का?" मी म्हटलं, "न्हाई गं, मुंगी चावल्यागत पण न्हाई." आता पुढचं खरं लिही म्हटल्याव ती माझ्याकडं डोळे मोठे करून बघून राहिली. बघू दे. पुढं नव्या पोरींना तिलाबी हेच सांगायचंय, म्हणून तिच्यादेखत तुला खरं सांगून टाकते.

हिची लागली, मंजे. पण तुझी त्याहून लई लागली होती. आठ दिवस दंड वर होत न्हवता.

तुझी अक्का